तार

एकेकाळी ‘तार आली’ एवढं कानावर पडलं तरी घरातल्या बायकांचा पदर तोंडाला जायचा. मजकूर वाचायच्या आधीच रडारड सुरू. कधी ती तार नोकरीची, नाही तर नातू झाल्याची निघायची आणि मग सगळे ओशाळून हसायचे. 2013च्या जुलैत ती सेवा बंद झाली. शब्द मात्र राहिला, आणि बांधावरच्या काटेरी कुंपणालाही आपण तोच वापरतो. पहिल्या महायुद्धाबद्दल वाचताना मला सारखं वाटतं, की पश्चिम आघाडीची गोष्ट मराठीत या एका शब्दावर सांगता येईल.

रणांगण आधुनिक झालं म्हणजे काय झालं, असं विचारलं की लोक रणगाडा, मशीनगन, विषारी वायू अशी नावं घेतात. गुरं अडवायच्या साध्या काटेरी तारेचं नाव कुणी घेत नाही. इलिनॉयमधल्या जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं 1874 साली तिचं पेटंट मिळवलं. चाळीस वर्षांनी तीच तार फ्रान्स-बेल्जियममध्ये खंदकांपुढे पसरली. तार स्वतः कुणाला मारत नाही, नुसती थांबवते. मशीनगनला समोर थांबलेला माणूसच हवा असतो. सदरा सोडवत उभा असलेला असला तर आणखी बरं.

10 मार्च 1915. फ्रान्समधलं नव शापेल. ब्रिटिशांच्या इथल्या हल्ल्यात निम्मं सैन्य हिंदी होतं, तरी आपल्या शाळेच्या पुस्तकात या गावाचं नाव मला कधी दिसलं नाही. विमानांतून काढलेल्या फोटोंवरून जर्मन खंदकांचे नकाशे केले होते. साडेतीनशेच्या आसपास तोफा एका अरुंद पट्ट्यावर रोखल्या आणि मारा केला फक्त 35 मिनिटं. मैदानी तोफांच्या छर्ऱ्यांनी बहुतेक ठिकाणी तार तुटली आणि तासाभरात गाव हाती आलं. पण डाव्या अंगाला दोन जड तोफखाने हल्ल्याच्या अगदी तोंडावर पोचले होते, त्यांना नेम तपासायला सवड मिळाली नव्हती. तिथला सुमारे 400 यार्डांचा खंदक शाबूत राहिला आणि त्याच्यापुढे मिडलसेक्स आणि स्कॉटिश रायफल्सच्या तुकड्या कापल्या गेल्या. उजवीकडे 39व्या गढवाल रायफल्सची पहिली बटालियन दिशा चुकून आणखी उजवीकडे सरकली. तिथे मारा झालेलाच नव्हता. तार जशीच्या तशी उभी होती.

मधल्या भागात, जिथे फत्ते झाली, तिथे दुसरीच तार आडवी आली. टेलिफोनची. पुढे गेलेल्यांच्या मागे अंथरलेल्या तारा गोळ्यांनी तुटत गेल्या. मग निरोप्या धावणार, तो पोचला तर पोचला. कोअरच्या सेनापतीला काही कळेपर्यंत तास उलटत होते. पुढे सरकायचा हुकूम पोचेतो दुपार कलली, आणि तेवढ्या वेळात जर्मनांनी मागे नवी फळी उभी केली.

यातून सेनापतींनी काय धडा घ्यावा? 35 मिनिटांत काम झालं, कारण शत्रू बेसावध होता. त्यांनी घेतलेला धडा असा, की गोळे कमी पडले. मेसोपोटेमियात ते खरंही होतं. कुतच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्यांना सोडवायला निघालेली फौज जड तोफांवाचून तुर्की खंदकांवर आदळत राहिली, आणि 29 एप्रिल 1916ला कुत पडलं. पण त्याच वर्षी फ्रान्समध्ये सोम नदीकाठी तोफांची वानवा नव्हती. आठवडाभरात पंधरा लाखांवर गोळे टाकले गेले. त्यांतले पुष्कळसे छर्ऱ्यांचे होते, खोल तळघरांतल्या जर्मनांना त्यांचं काहीच वाटलं नाही. स्फोटक गोळे जमिनीत घुसून फुटायचे, त्यांनी उडवलेली तार परत खाली पडून अधिकच गुंतायची. 1 जुलैला एका दिवसात 57,470 ब्रिटिश सैनिक कामी आले, जायबंदी किंवा बेपत्ता झाले, त्यांतले 19,240 मेले.

तारेवर इलाज निघाला तो मुठीएवढ्या वस्तूतून. 106 नंबरचा फ्यूज लावला की गोळा जमिनीला टेकताक्षणी फुटायचा आणि तुकडे आडवे जाऊन तार कापायचे. 1917मध्ये तो मुबलक मिळू लागला. रणगाड्याचं जितकं कौतुक होतं, त्याच्या शतांशही या फ्यूजच्या वाट्याला आलं नाही.

पण मला सगळ्यात आवडते ती तिसरी तार. शत्रूच्या लपलेल्या तोफा आवाजावरून शोधायच्या कशा? हे काम लॉरेन्स ब्रॅग या पंचविशीतल्या पदार्थवैज्ञानिकाकडे आलं. तोफेच्या स्वतःच्या आवाजाला ऐकू येण्याजोगी धार नसते, साधा मायक्रोफोन गोळ्याच्या कडकडाटानंच भरून जातो. ब्रॅग मुक्कामाच्या घरातल्या संडासात बसला असताना तोफ उडाली, की हवेच्या दाबानं बूड किंचित उचललं जायचं. म्हणजे त्या न ऐकू येणाऱ्या लाटेत जोर होता! त्याच्या हाताखालच्या टकर नावाच्या कॉर्पोरलच्या ध्यानात आलं, की तोफ उडाली की बिछान्याशेजारच्या भिंतीच्या भोकातून गार झुळूक येते. त्यानं पेटीला भोक पाडून त्यावर प्लॅटिनमची बारीक तापती तार ताणली. लाट आली की तार गार व्हायची, तिचा विद्युतरोध बदलायचा. ओळीनं असे मायक्रोफोन मांडले आणि प्रत्येकाकडे लाट केव्हा पोचली ते फिल्मवर मोजलं, की नकाशावर तोफेची जागा मिळायची.

मग मोठ्या माऱ्याआधी एकेक तोफ डागून नेम बसवायची, म्हणजे शत्रूला आगाऊ वर्दी द्यायची, गरज उरली नाही. 20 नोव्हेंबर 1917ला कांब्रेला हजारभर तोफा आधी एकही गोळा न टाकता एकदम धडाडल्या. 8 ऑगस्ट 1918ला आमियाँपुढच्या 530 जर्मन तोफांपैकी 504 तोफांच्या जागा हल्ल्याआधीच ठाऊक होत्या. 35 मिनिटांचा तो धडा गिरवायला साडेतीन वर्षं लागली.

ब्रॅगचा धाकटा भाऊ रॉबर्टही तोफखान्यातच होता. सप्टेंबर 1915मध्ये तो गॅलिपोलीत जखमी होऊन मरण पावला. दोन महिन्यांनी त्याच घरात लॉरेन्स आणि वडील विल्यम, दोघांना मिळून नोबेल जाहीर झालं. त्या काळी दोन्ही तऱ्हांच्या बातम्या तारेनंच यायच्या.