पंप कुणाला लागू पडेल?

औषध देण्याआधीच ते लागू पडेल की नाही हे सांगता यावे, ही वैद्यकाची फार जुनी धडपड आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासाचे पाच प्रकार येतात आणि त्यांचे भवितव्यही येते. क्षुद्रश्वास साध्य, तमकश्वास याप्य, म्हणजे औषधोपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारा, पण नुकताच उद्भवला असेल तर तोही साध्य. तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळ जुळते. इथे भाकीत रोगाच्या प्रकारावर आणि त्याच्या जुनेपणावर उभे आहे. आधुनिक वैद्यकानेही बराच काळ हीच वाट धरली आणि रोगाच्या नावावरून उपचार ठरवले. एकाच नावाच्या दोन रुग्णांपैकी एकाला औषधाने मोकळा श्वास मिळतो आणि दुसरा तसाच धापा टाकत राहतो, याचा उलगडा मात्र नावातून होत नव्हता.

1956 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने जुनाट दम्यावरील कॉर्टिझोन या स्टिरॉइडच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा फायदा जेमतेम दिसला होता. दोनच वर्षांनी डर्बीच्या हॅरी मॉरो ब्राऊन यांनी रुग्णांचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी होत्या त्यांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड लागू पडत होते. ज्यांच्यात नव्हत्या त्यांना बहुधा नाही. इतका साधा आणि स्वस्त शोध कित्येक दशके बाजूला पडून राहिला, याची खंत वाटते. त्याची खरी किंमत मेपोलिझुमॅबच्या वेळी कळली. इओसिनोफिल घटवणारे हे औषध 2007 मध्ये 362 दमेकऱ्यांवर, पेशी न मोजता निवड करून, वापरले तेव्हा ते जवळजवळ निरुपयोगी ठरले. 2009 मध्ये लेस्टरच्या संशोधकांनी वारंवार झटके येणारे आणि बेडक्यात इओसिनोफिल असलेले अवघे 61 रुग्ण घेतले, आणि तेच औषध घेणाऱ्यांचे झटके ठळकपणे कमी झाले. औषधात काही बदलले नव्हते, ते कुणाला द्यायचे हे बदलले होते. पुढे सीओपीडीतही, म्हणजे श्वासाचा मार्ग कायमचा अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजारातही, हा विचार आला. सीओपीडीच्या उपचारांसाठीच्या ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शिकेच्या 2019 च्या आवृत्तीनुसार रक्तात प्रति मायक्रोलिटर 300 किंवा अधिक इओसिनोफिल असतील तर स्टिरॉइडचा पंप (इनहेलर) उपयोगी पडण्याचा संभव जास्त, आणि 100 च्या खाली असतील तर कमी.

हा आकडा सीबीसी या साध्या रक्ततपासणीतून मिळतो. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या मंचर किंवा नारायणगावच्या रुग्णासाठी ही मोठी सोय आहे, आणि म्हणूनच तो आकडा जसाच्या तसा उचलण्याचा मोह घातक आहे. त्यामागच्या चाचण्यांतले सीओपीडीचे रुग्ण मुख्यतः सिगारेट ओढणारे होते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकराकडच्या वाड्यावस्त्यांवर, आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायकांची छाती चुलीच्या धुराने भरते. भाताच्या रोपांसाठी पावसाळ्याआधी शेण, पाला, कवळं पेटवून राब भाजतात, तो धूर वेगळा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. पुण्यातल्याच नंतरच्या तुलनेत दिसले की अशा रुग्णांत फुप्फुसाच्या पेशीजालाची झीज कमी आणि बारीक श्वासनलिकांचा बिघाड अधिक असतो. त्यात जंतांची भर. पोटात जंत असले की रक्तातले इओसिनोफिल वाढतात. मग 300 चा आकडा छातीबद्दल बोलतो की आतड्याबद्दल, हे कसे ठरवायचे? उलट, धाप वाढल्यावर आधीच स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतलेले असेल तर आकडा खाली येतो आणि पंपाने आराम मिळू शकला असता अशी बाई कागदावर अपात्र ठरते.

एवढी उठाठेव कशाला, सगळ्यांनाच स्टिरॉइडचा पंप द्यावा, असे कुणी म्हणेल. दम्यात तो उपचाराचा कणाच आहे आणि आकडा कमी म्हणून तो नाकारणे चूक ठरेल. सीओपीडीचे मात्र तसे नाही. सुमारे सहा हजार रुग्णांच्या ‘टॉर्च’ चाचणीत (2007) स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यांत न्यूमोनिया अधिक आढळला, आणि आपल्याकडे क्षयाचीही धास्ती आहे. शिवाय पंपाची सवय लागते ही समजूत गावोगाव आहे. चुकीच्या रुग्णाला दिलेला पंप निष्फळ ठरला की तो अविश्वास अख्ख्या वस्तीत पसरतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: भाकिताचा आधार घेऊन गरिबाला उपचार नाकारले जातील. ही भीती खरी आहे. पण इओसिनोफिल कमी असणे म्हणजे उपचार संपणे नव्हे. श्वासनलिका रुंदावणारी औषधे, पंप ओढण्याची नीट शिकवण आणि घरातला धूर हटवणे यांची गरज अशा रुग्णाला उलट जास्तच असते.

म्हणून या दोन तालुक्यांत भाकीत करायचे तर गोळीआधीचा आकडा, जंतांच्या औषधानंतरचा आकडा आणि चुलीपुढे गेलेली वर्षे एकाच कागदावर हवीत. त्या रुग्णाकडे राबाच्या दिवसांत आणि पावसाळ्यानंतरही पुन्हा पाहायला हवे. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र 22 गावांच्या आरोग्याची नोंद ठेवत आले आहे. डोंगरपट्ट्यासाठी तशी नोंद उभी राहिली, तर तिथल्या बाईसाठी आकड्याची रेषा 300 वर आखायची की दुसरीकडे, हे तिच्याच रक्तावरून आणि श्वासावरून ठरवता येईल.