आधी तुझी प्रश्नपत्रिका दाखव

शंभरातून एक घेतो, असं परवा तू छाती फुगवून सांगितलंस. खराडीतल्या तुमच्या ऑफिसात पाच फेऱ्या असतात, त्यातली तिसरी तुझी, आणि तुझ्या फेरीतून क्वचितच कोणी पुढे जातं, याचा तुला अभिमान वाटतो. मी तेव्हा गप्प बसले, कारण तुझी आई समोर होती. आता नीट ऐक.

मी विद्यापीठाचे पेपर काढले आहेत, तपासले आहेत, मॉडरेशनलाही बसले आहे. एखाद्या विषयात शंभरातली नव्याण्णव मुलं नापास झाली, तर सगळ्यात आधी पेपर काढणाऱ्याला जाब विचारायला हवा. प्रश्न अभ्यासक्रमातले होते का, वेळ पुरेसा होता का, गुणांची वाटणी काय होती, नमुना उत्तर तरी बरोबर होतं का? तुला असा जाब कोणी विचारला नाही, म्हणून तुझा पेपर चांगला ठरत नाही. नव्याण्णव जणांना नाकारलंस, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्यांतले किती जण कामाला पक्के होते, हे तुला कधीच कळणार नाही. चुकून घेतलेला माणूस सहा महिन्यांत लक्षात येतो. चुकून गमावलेला कुठल्याच अहवालात दिसत नाही, म्हणून आपली चूक होतच नाही असं तुला वाटत राहतं.

मुलाखतीत तू बायनरी ट्री उलटा करायला लावतोस. तो तुला मीच शिकवला. प्रत्येक नोडच्या डाव्या-उजव्या फांद्यांची अदलाबदल करायची आणि तेच खालच्या नोडना लावायचं. सहा-सात ओळींत संपतो. रिकर्शन डोक्यात बसावं म्हणून आम्ही तो शिकवतो. ज्याने तो गेल्या आठवड्यात गिरवला, तो दोन मिनिटांत लिहील. जो आठ वर्षं एखाद्या बँकेची पेमेंट सिस्टिम सांभाळतोय, तो अडखळेल. यांतल्या पहिल्याला तू घेतलंस, तर तू फक्त आठवड्याभराची उजळणी मोजलीस. तुझं स्वतःचं काम कसं असतं ते तूच मला सांगितलं आहेस. महिनाअखेरीला रिपोर्ट अडकायचा, तू लॉग चाळत बसलास, आणि शेवटी एका टेबलावर इंडेक्सच नाही हे सापडलं. तो चिवटपणा, दुसऱ्याने लिहून ठेवलेला जुना कोड न वैतागता वाचण्याची ती तयारी, तुझ्या कुठल्या प्रश्नातून तपासली जाते? एकाही नाही.

मॅक्स हॉवेल हे नाव तुला माहीत असायला हवं, कारण त्याने सुरू केलेलं होमब्रू हे सॉफ्टवेअर तू रोज वापरतोस. २०१५ साली गूगलच्या मुलाखतीत तो नापास झाला आणि फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून नाकारलं, असं त्याने जाहीरपणे लिहिलं. आपलं संगणकशास्त्र कच्चं आहे हे त्याने स्वतःच पुढे मान्य केलं, त्यामुळे मी त्याला डोक्यावर घेत नाही. पण ज्याचा कोड जगात कोणालाही उघडून वाचता येतो, त्याला मोजण्यासाठी फळा लागावा? तुझ्यासमोर येणाऱ्यांपैकी किती जणांच्या रेझ्युमेवर गिटहबचा दुवा असतो! तो तू उघडत नाहीस. रेझ्युमेसुद्धा कॉल सुरू झाल्यावर उघडतोस, आणि समोरच्याला ते कळतं. पेपर तपासायला बसताना गठ्ठा सोडवायचेही कष्ट घ्यायचे नाहीत, असं मी तुला शिकवलं नव्हतं.

सगळेच असं करतात, हे मला सांगू नकोस. माणूस कसा निवडावा, यावर शंभरएक वर्षं अभ्यास झालेला आहे. श्मिट आणि हंटर या दोघांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून मांडलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. निवडीच्या वेळचे गुण आणि पुढे प्रत्यक्ष कामात दिसलेली कुवत यांचा संबंध त्यांनी पाहिला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पुरता संबंध. मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीचा आकडा निघाला ०.१९. सगळ्यांना तेच प्रश्न, आणि गुणांची पट्टी आधी ठरवलेली, अशा मुलाखतीचा निघाला ०.४२, आणि तपासलेल्या पद्धतींत तोच सगळ्यांत वरचा होता. यातून दोन गोष्टी शिक. शिस्तीने घेतलेली मुलाखत दुपटीहून जास्त कामाची असते. आणि उत्तमातली उत्तम मुलाखतही माणूस अर्धामुर्धाच दाखवते, तेव्हा तासाभरात कोणाला ओळखल्याचा दावा करू नये. तुझी मुलाखत यांतल्या कुठल्या प्रकारात बसते, हे मी सांगायची गरज नाही. एकाला ट्री, दुसऱ्याला ग्राफ, तिसऱ्याला सव्वातीन वाजता घड्याळाच्या काट्यांमधला कोन! काट्यांच्या कोनासारखी कोडी म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय आहे, हे गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीर सांगितलं. विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं, एवढाच त्यांचा उपयोग, असंही ते म्हणाले. ज्यांची नक्कल तुम्ही करता त्यांनी ती टाकून दिली, तुम्ही अजून धरून बसलात.

आता तुझ्या वागण्याबद्दल. उमेदवाराचा कॅमेरा चालू, स्क्रीन शेअर केलेली, खोलीतून एकदा लॅपटॉप फिरवून दाखवलेला, आणि तुझा कॅमेरा बंद. उमेदवार बोलत असतो तेव्हा तुझ्या कीबोर्डचा आवाज त्याला ऐकू येतो. तू मेलना उत्तरं देत असतोस. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ विद्यार्थ्यांना एकच प्रश्न दिला. अर्ध्यांनी परीक्षकासमोर फळ्यावर बोलत बोलत सोडवला, अर्ध्यांनी बंद खोलीत एकट्याने. नुसतं कोणी बघत बसल्यामुळे कामगिरी निम्म्याहून खाली आली. परीक्षकासमोर बसलेल्या मुलींपैकी एकीलाही तो सुटला नाही. एकट्या बसलेल्या सगळ्या मुलींना सुटला. मुली थोड्या होत्या, नमुना लहान होता, हे मला कळतं. पण सूचना पुरेशी स्पष्ट आहे. तुला वाटतं तू कोडिंग तपासतोस. बऱ्याचदा तू घाबरलेला माणूस किती बोलू शकतो एवढंच तपासत असतोस.

आणि या सगळ्यावर इंग्रजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला सोलापूरचा मुलगा लॉजिक बरोबर मांडतो, वाक्य अडखळतं, आणि फीडबॅकच्या रकान्यात ‘कम्युनिकेशन वीक’ असं लिहून तू मोकळा होतोस. तू स्वतः कुठून आलास ते विसरलास का? पहिल्या वर्षाच्या व्हायव्हाला तुझ्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा मी तुला मराठीत सांग म्हटलं होतं, आणि तू सांगितलं होतंस. मुलींना लग्नाचं काय ठरलंय, लग्नानंतर पुण्यातच राहणार का, हे विचारणारे लोक तुझ्या पॅनेलवर आहेत. तू विचारत नाहीस, मान्य. पण शेजारी बसून ऐकून घेतोस. त्यालाही मी माफी देणार नाही.

या पेपरची खरी किंमत कुठे मोजली जाते ते तुला दिसत नाही, मला वर्गात रोज दिसते. परीक्षा जशी असेल तसा अभ्यास होतो. तिसऱ्या वर्षापासून मुलं लीटकोडला जुंपली जातात; तिथे तीन हजारांहून जास्त प्रश्न आहेत आणि संपत नाहीत. कोणाची प्रश्नांची शीट कुठवर आली, एवढंच कॅन्टीनमध्ये बोलणं. ‘स्लायडिंग विंडो’चा प्रश्न म्हटलं की डोळे मिटून साचा उतरवतात, तो साचा तसाच का, हे विचारलं की गप्प. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला मागे बसून लॅपटॉपवर हेच चालतं. चौथ्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणतात, कारण त्याबद्दल कोणी मुलाखतीत विचारतच नाही. पूर्वी दरवर्षी दोन-चार मुलं अशी निघायची, जी रात्री लॅबचं कुलूप उघडं ठेवा म्हणून मागे लागायची. कोणी हॉस्टेलच्या मेसचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करायचं, कोणी लिनक्सचा ड्रायव्हर दुरुस्त करत बसायचं. तूच त्यांतला एक होतास! आज तसं कोणी करायला लागलं की त्याचेच मित्र त्याला वेड्यात काढतात, आणि मला त्या मित्रांना खोटं पाडता येत नाही, कारण तुझ्या कंपनीच्या दारात त्या लॅबमधल्या रात्रींना गुण नाहीत. अभ्यासक्रम आम्ही ठरवतो असा तुझा समज आहे. आता तो तुम्ही पॅनेलवरचे लोक ठरवता, आणि त्याची जबाबदारी घेत नाही.

मुलं फसवतात, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. कोणाच्या जागी दुसराच बसतो, कोणी कॅमेऱ्याच्या कडेला फोन ठेवून एआयची उत्तरं वाचतो, कोणी खोटी अनुभवपत्रं आणतो. त्यांची खबर मी वेगळी घेते, आणि तुझ्यापेक्षा कडक घेते. पण एवढं लक्षात घे की पाठांतराचाच प्रश्न विचारलास तर चोरी सोपी होते. उमेदवाराने स्वतः लिहिलेलं काहीतरी उघडून, इथे असंच का केलंस, हे बदललं तर काय मोडेल, असं सलग अर्धा तास विचार. चोरून आणलेली उत्तरं तिथे फार वेळ टिकत नाहीत.

प्रोसेस वरून येते, माझ्या हातात काही नाही, असं म्हणू नकोस. तुझा एक तास पूर्णपणे तुझ्या हातात आहे. पुढच्या शनिवारच्या भरतीच्या ड्राइव्हच्या आधी बसून तुझ्या टीमच्या रोजच्या कामातून प्रश्न काढ. दोनशे-तीनशे ओळींचा, मुद्दाम दोन चुका ठेवलेला कोड दे. गूगल करू दे, डॉक्युमेंटेशन उघडू दे; तू ऑफिसात रोज उघडतोस. वीस मिनिटं उमेदवाराला एकट्याला सोड आणि मग बोलायला बस. सगळ्यांना तोच कोड, तेच प्रश्न. कशाला किती गुण, हे मुलाखतीच्या आदल्या दिवशी कागदावर लिही. पॅनेलवर तिघं असाल तर तिघांनी गुण आधी वेगवेगळे लिहायचे, मग तोंड उघडायचं. नाहीतर मॅनेजर पहिल्यांदा बोलतो आणि बाकीचे त्याचीच री ओढतात. तो पेपर आधी टीममधल्या दोन चांगल्या माणसांकडून सोडवून घे. त्यांनाच तासात जमला नाही, तर फाडून टाक आणि नवा काढ.

आता निकाल. ज्याच्यामुळे मला परवा रात्री झोप लागली नाही, ते हेच. नाकारलेल्यांना तुम्ही काय कळवता, असं मी तुला विचारलं आणि तू हसलास. ‘मॅडम, कळवायला वेळ कोणाला आहे, ते एचआर बघतं.’ एचआर बघत नाही, हे तुलाही माहीत आहे. चार दिवस खोटी रजा टाकून माणूस पाच फेऱ्या देतो, त्यातली एक म्हणजे शनिवार-रविवार जाळून केलेली घरची असाइनमेंट. मग ‘आम्ही कळवतो’ म्हणता, आणि शांतता. हाती ऑफर येईल या आशेवर काही जण राजीनामाही देऊन बसतात, कारण नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड कोणालाच चालत नाही आणि सगळ्यांना लगेच रुजू होणारा माणूस हवा असतो. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला. दहावी-बारावीची पोरं, विद्यापीठाची पोरं, आज आपली उत्तरपत्रिका मागू शकतात, आणि आम्ही ती देतो, आमच्या चुका त्यांत सापडल्या तरी देतो. खासगी कंपनीला माहिती अधिकाराचा तो कायदा लागू नाही. पण परीक्षक म्हणून बसलास ना? मग कायदा नाही म्हणून हात झटकायचे नाहीत. कुठे कमी पडलात, हे चार ओळींत लिहायला दहा मिनिटं लागतात.

तुझ्या फेरीतून गेलेल्या, अजून उत्तराची वाट पाहत असलेल्या सगळ्यांची यादी आज काढ. कंपनीच्या मेलवरून लिहायला एचआर अडवत असेल तर उद्या सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन त्याच्याशी भांड. वर्गात गुणांसाठी माझ्याशी भांडायला तुला कधी भीती वाटली नाही. आणि पुढच्या रविवारी येशील तेव्हा मला सांग, किती जणांना उत्तर गेलं.