कानांनी पाहिलेला सिनेमा

आमच्या घरी दिवाळीची चाहूल लागायची ती तांदूळ भिजत पडले की. अनारशांचे तांदूळ. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग पंच्यावर पसरून सावलीत वाळवायचे आणि थोडी ओल अंगात असतानाच कुटायचे. वस्त्रगाळ पिठात गूळ मळून त्याचे गोळे डब्यात मुरत ठेवायचे. एवढं होईतो आठ-दहा दिवस सहज जातात. म्हणून पाहुण्यांच्या ताटलीत सगळ्यांत उशिरा पोचणारा हा पदार्थ घरात मात्र सगळ्यांच्या आधी हजर व्हायचा. आणि इतकं करून तो तुपात विरघळला, तर बायका म्हणतात, अनारसा हसला. तो हसला की करणारीला रडू येतं.

दिवाळीची तारीख काही पक्की नसते. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, पुढच्या वर्षी अधिक श्रावणाने ते १२ नोव्हेंबरपर्यंत ढकललं. पण दिवाळी कधीही आली तरी तिच्या आधीचे तीन आठवडे तेच असतात. डोक्याला फडकं बांधून जळमटं काढायची, माळ्यावरचं सगळं खाली आणायचं आणि त्यातलं निम्मं, ‘लागेल कधीतरी’ म्हणत, पुन्हा वर ठेवायचं. पितळेला चिंच, पातळ पोह्यांना ऊन, मुलांना सहामाही परीक्षा. माझ्या आठवणीत या तीन आठवड्यांना आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे. सिनेमा. तोही नीट बसून पाहिलेला नव्हे.

आम्ही कल्याणला चाळीत राहायचो. दोन खोल्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आमच्याकडे टीव्ही यायला त्यानंतर दहाएक वर्षं गेली. लाकडी शटरचा, कृष्णधवल. तो बाहेरच्या खोलीत, आईचा स्टोव्ह आतल्या खोलीत आणि मध्ये भिंत. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा. मध्येच बातम्या यायच्या आणि नायिका नेमकी दारात उभी असताना आमचा जीव अर्धा तास टांगून ठेवायच्या. एरवीच्या शनिवारी आई निदान त्या अर्ध्या तासानंतर तरी बाहेर येऊन बसे. दिवाळीआधी तेही नाही. त्या दिवसांत भाजणी भाजायची असायची. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर, हात न थांबवता. तिथून उठून पाच मिनिटं पडद्यासमोर उभं राहिलं तर डाळ करपते, आणि करपलेल्या डाळीची चकली सगळ्या घराला आठवडाभर खावी लागते. म्हणून आई भिंतीपलीकडून सिनेमा ऐकायची.

आम्हाला ते कधी विचित्र वाटलं नाही. ‘आता तो पत्र वाचतोय ना?’ ती आतून विचारायची. ‘हो.’ ‘तिने ऐकलं?’ ‘दाराआड उभी आहे.’ एवढ्यावर तिचं भागायचं. ‘जगाच्या पाठीवर’ हा १९६०चा राजा परांजपे यांचा चित्रपट तिचा सगळ्यांत लाडका. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आणि सीमा देव यांनी रंगवलेली रस्त्यावर गाणारी आंधळी मुलगी. त्या मुलीला जेवढं दिसत होतं तेवढंच आमच्या आईलाही दिसत होतं, हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली. तेव्हा मला एवढंच कळायचं की त्यातलं गाणं लागलं की स्टोव्हचा आवाज बारीक व्हायचा.

सगळे चित्रपट असे ऐकता येत नाहीत. ‘सिंहासन’ लागला तेव्हा आईची फार पंचाईत झाली. जब्बार पटेलांचा १९७९चा हा चित्रपट अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर बेतलेला, पटकथा तेंडुलकरांची, आणि निळू फुल्यांचा दिगू टिपणीस हा पत्रकार बोलतो कमी, पाहतो जास्त. त्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते भाजणीच्या कढईपाशी कसं पोचणार? ‘आवाज गेला का रे?’ तिने आतून दोनदा विचारलं. आवाज गेला नव्हता, माणसं गप्प होती. शेवटी दिगूचं वेड्यासारखं हसणं तिला ऐकू आलं तेव्हा ती झारा हातात घेऊन दारात आली, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता परत गेली. चित्रपट मोठा आहे याबद्दल मला शंका नाही. पण तो दिवाळीआधीचा नव्हे.

दिवाळीआधीचा चित्रपट म्हटला की ‘अशी ही बनवाबनवी’. तो सप्टेंबर १९८८मध्ये लागला आणि मी तेव्हा पाचवीत होते. बाबांचा नियम असा, की सहामाहीचा शेवटचा पेपर होईपर्यंत थिएटर नाही. शेजारच्या काकूंचा मुलगा मात्र पाहून आला होता. आकाशकंदिलाच्या कामट्या बांधता बांधता त्याने तो आम्हाला सांगितला. चारही मित्र, विश्वास सरपोतदार, लीलाबाई काळभोर, सगळ्यांचे आवाज काढून. इस्राईलच्या औषधाचा आणि त्या सत्तर रुपयांचा प्रसंग त्याने घोटीव कागदाला खळ लावता लावता इतका रंगवला की कंदिलाच्या दोन करंज्या उलट्या चिकटल्या. तो कंदील तसाच टांगला गेला. पुढे थिएटरात खरा प्रसंग पाहताना मला सारखं वाटत होतं, शेजारच्या दादाने जास्त चांगला केला होता.

हा चित्रपट असा सांगता येतो, ऐकता येतो, याचं कारण तो लिहिलाय वसंत सबनीसांनी. कथानक बेतलंय १९६६च्या ‘बीवी और मकान’ या हृषीकेश मुखर्जींच्या हिंदी चित्रपटावर, पण बोली पुरती मराठी. सबनीस ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक. वगनाट्य लिहिणाऱ्याला शेवटच्या रांगेतल्या माणसाची काळजी असते. त्याला नटाची भुवई दिसणार नाही, शब्द मात्र पोचलाच पाहिजे. आमची आई ही ती शेवटची रांग होती. अशोक सराफ शब्द कुठे तोडतात, लक्ष्मीकांत बेर्डे कुठे घाबरतात, हे तिला आवाजावरून इतकं पाठ झालं होतं की पडद्यावर विनोद व्हायच्या आधी ती आत हसायची आणि आम्ही बाहेर ‘सांगू नकोस’ म्हणून ओरडायचो.

शनिवार आणि करंज्या एकाच दिवशी आल्या तर चित्र थोडं बदलायचं. करंज्या एकटीने करायच्याच नसतात. चाळीतल्या चार-पाच जणी पोळपाट-लाटणी घेऊन यायच्या आणि त्या दिवसापुरता कारखाना बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर. एकीने पाऱ्या लाटायच्या, एकीने सारण भरायचं, एकीने कातणं फिरवायचं, झालेल्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या. त्यांचेही डोळे पोळपाटावरच. मारामारी सुरू झाली की एखादी मान वर करायची, ‘मेला का?’ विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत पुढची पारी हातात घ्यायची. रडण्याचा प्रसंग आला की मात्र सगळ्यांचे हात थांबायचे. त्या दोन मिनिटांत पाऱ्या सुकायच्या, मग करंज्या तेलात उकलायच्या, आणि दोष त्या चित्रपटातल्या सासूला मिळायचा.

नवा चित्रपट पाहायचा तर त्याच्यासमोर बसावं लागतं, आणि दिवाळीआधी बसायला कुणाला फुरसत असते? ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ २० ऑक्टोबर १९९५ला लागला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. आमच्या घरातून तो भाऊबीज उलटल्यावरच पाहिला गेला, तोवर गाणी पाठ झालेली होती. त्या तीन आठवड्यांना लागतो तो आधी माहीत असलेला चित्रपट. ज्याच्याकडे पाठ फिरवली तरी तो रुसत नाही. दळण आणायला गिरणीत गेलो, रांगेत वीस मिनिटं उभे राहिलो, ‘चकलीचं आहे, चण्यावर टाका’ असं तीनदा सांगून परत आलो, तरी ‘बनवाबनवी’तले धनंजय माने जिथे सोडले होते तिथून फार लांब गेलेले नसतात. समीक्षक ज्याला उत्तम म्हणतात आणि घर ज्याला आवडता म्हणतं, त्यांत मला हाच फरक दिसत आला आहे. उत्तम चित्रपटाला आपलं पूर्ण लक्ष हवं असतं. आवडत्याला आपल्याकडचं उरलंसुरलं लक्षही चालतं.

आता भाजणी मी भाजते. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, गॅसवर. फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवते, त्यामुळे भिंत राहिलेली नाही. चित्रपट हवा तिथे थांबवता येतो, बातम्या मध्ये येत नाहीत. अनारशांचं तयार पीठ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि मी ते आणते, हे इथे कबूल करून टाकते. आईला ते पसंत नाही. ती माझ्याकडेच असते. अठ्ठ्याहत्तरी गाठली, गुडघे गेले आणि कानही बरेच गेले. यंत्र आणलंय, पण ते तिला टोचतं, म्हणून ते मोती साबणाच्या रिकाम्या खोक्यात असतं. गॅसपाशी उभं राहायला तिला मनाई आहे, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसते.

परवा उडदाची डाळ कढईत होती आणि फोनवर ‘बनवाबनवी’. मी आवाज लहान ठेवला होता. तिला ऐकू येत नाही म्हटल्यावर मोठा करून काय करायचं? पार्वती झालेल्या बेर्ड्यांच्या डोहाळजेवणाचं गाणं आलं. आईने खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला, फोन डब्यावरून उचलून हातात घेतला आणि नाकाजवळ धरून पाहू लागली.

‘अगं, काय नटवलंय मेल्याला!’ ती म्हणाली. ‘आणि बांगड्या बघ किती. कधी दिसल्याच नव्हत्या.’

मग बराच वेळ काही बोलली नाही. बेर्ड्यांची मुरड, मागे बसलेल्या बायका, कोण काय नेसलंय, सगळं निवांत बघत होती. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. गाणं संपलं नव्हतं.

‘गॅस बारीक कर,’ पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. ‘डाळ लागतेय.’