एक चूल, अनेक जिभा



परमार्थाच्या मासिकात स्वयंपाकाचा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण थोडा विचार करावा. हरिपाठाला आपण दिवसातून एकदा बसतो, पानावर मात्र दोनदा-तीनदा बसावेच लागते. जिभेशी आपली खरी गाठ तिथे पडते. शिवाय घरात जीभ एकच नसते. आजोबांना साखरेचे पथ्य, आजींना रक्तदाबामुळे मीठ कमी, मुलाला झणझणीत हवे आणि नातवाने मेथी पाहिली की तोंड फिरवले. चूल एक, जिभा अनेक. अन्न अंगी लागावे आणि सर्वांना गोडही लागावे, हे कसे साधावे? प्रश्न पाककृतीचा वाटतो. पण त्याच्या पोटात धर्माचा प्रश्न आहे. घरात कोणी कोणासाठी वाकावे?

याची दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे, की ज्याला जे आवडते ते त्याला करून द्यावे. ऐकायला हे प्रेमाचे वाटते. पण अशा घरात सूनबाई सकाळी तीन भाज्या करते, दोन प्रकारची आमटी करते आणि शेवटी भांड्याच्या तळाशी उरलेले घेऊन एकटी जेवते. सगळ्यांच्या आवडीचे मोल एकटीने चुकते करायचे, याला प्रेम म्हणावे का?

दुसरे उत्तर कडक आहे. चांगले आहे ना, मग निमूट खा! त्याला आधार म्हणून कठोपनिषद पुढे करतात. यमधर्म नचिकेताला सांगतात की श्रेय आणि प्रेय, हिताचे आणि आवडीचे, दोन्ही माणसापुढे येतात. शहाणा असतो तो श्रेय निवडतो. खरेच आहे. पण हा उपदेश ज्याने त्याने स्वतःला करायचा. दुसऱ्याच्या पानात अळणी दुधी वाढून त्याला नचिकेत होण्याची आज्ञा करणे हा वेगळा व्यवहार झाला. त्याचा परिणाम आपण पाहतोच. आजोबा घरात पथ्य पाळतात आणि देवळाच्या वाटेवर पेढा खातात. नातू डबा शाळेत उघडतो तेवढा आणि तसाच परत आणतो.

इथे भगवंतांचे वचन ध्यानात घ्यावे. गीतेच्या १७व्या अध्यायात ८व्या श्लोकात सात्त्विक आहाराची लक्षणे आहेत. आयुष्य, बळ, आरोग्य वाढवणारा तो सात्त्विक, एवढेच आपण सांगतो आणि थांबतो. पण त्याच श्लोकात तो आहार रसाळ, स्निग्ध आणि मनाला रुचणारा असावा असेही आहे. याउलट पुढच्या दोन श्लोकांत अति तिखट, अति खारट राजसात घातले आहे आणि रस गेलेले, शिळे तामसात. म्हणजे बेचव ते सात्त्विक हा समज गीतेचा नव्हे, आपला आहे.

मग दोन्हींचा मेळ कसा बसतो? मला असा बसतो: स्वतःसाठी श्रेय निवडावे आणि दुसऱ्यासाठी श्रेयाला प्रेय करावे. आपल्या संतांनी दुसरे काय केले? गीतेचा सिद्धान्त संस्कृतात होताच. माउलींनी तो ओवीत आणला, दृष्टान्तांनी रसाळ केला. तुकोबारायांनी अभंगात आणला. कोरडा वाढला तर पचत नाही हे त्यांनी ओळखले. कीर्तनात पूर्वरंगानंतर आख्यान येते ते याचसाठी. सिद्धान्ताला धक्का न लावता ऐकणाऱ्याच्या जिवाला गोडी लावायची.

चुलीपाशी हेच करता येते. मूग एकच. त्याचे मऊ वरण कवळी बसवलेल्या आजीला, मोड आणून केलेली उसळ तरुणाला, भिजवून वाटलेले धिरडे मुलाला. आमटीत तिखट घालण्याआधी वाटीभर बाजूला काढली की पथ्याचे काम झाले. वेगळे पातेले चढवायला नको. मीठ भाजीत बेताचे घालावे, ज्याला हवी त्याने चटणी घ्यावी. मेथी नको म्हणणारे मूल तीच मेथी थालीपिठात मागून खाते. थंडीत बाजरीच्या भाकरीला तीळ लावले तर ती खाण्यासाठी उपदेश करावा लागत नाही.

अशीच तपासणी आपल्या एकादशीचीही करावी. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळी आपल्याकडे बटाटा नव्हता, मिरची नव्हती आणि ज्या कंदापासून आज साबुदाणा होतो तो कंदही नव्हता. ही सारी मूळची अमेरिका खंडातली, फार नंतर आली. साबुदाणा म्हणजे बहुतांशी नुसते पिष्ट. साखरेच्या रोग्याने तुपातली खिचडी ताटभर खाल्ली तर उपवास घडला असे वाटेल, पण शरीर ते मान्य करत नाही. उपवासाला चालते ते पथ्याला चालतेच असे नाही. अशा माउलींनी वैद्याला विचारूनच एकादशी करावी. विठुरायाचा त्यावर राग होणार नाही.

आता वाकण्याचा प्रश्न. माझे म्हणणे असे, की सर्वांनी थोडे थोडे वाकावे, म्हणजे एकाला मोडावे लागत नाही. आजोबांना साखर वर्ज्य असेल, तर त्यांच्यादेखत रोज शिरा-जिलेबीची ताटे मांडू नयेत. घराने आठवडाभर साधे जेवावे, सणाला गोड करावे. पथ्य एकट्यावर पडले की शिक्षा वाटते, घराने उचलले की तो नेम होतो आणि नेम वारकऱ्याला नवा नाही. आजोबांनीही मग पेढ्यापुरती जीभ आवरावी. घर त्यांच्यासाठी वाकले आहे, त्याचे हे देणे आहे.

यवतला तुकोबारायांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा पिठलं-भाकरीचा बेत असतो. भाकऱ्या घराघरांतून येतात. कुणाची जाड, कुणाची पातळ, कुणाची थोडी करपलेली. पंगतीत शेजारी कोण आहे, त्याच्या घरी काय शिजते, कोणी विचारत नाही. पिठलं तेच, ज्याचे त्याचे पोट भरते. दिवसभर चाललेल्या पायांना भूक लागलेली असते हे खरेच. पण सगळे एकच खात आहेत याचीही गोडी त्या घासाला असते. गोपाळपूरच्या काल्याचा अर्थ तरी काय? ज्याने त्याने आपली शिदोरी एकत्र करायची. काल्यात लाही आहे, दही आहे, लोणचेही आहे. ज्याचा त्याचा स्वाद राहतो, वेगळेपणाचा हट्ट राहत नाही.

आणि एक गोष्ट पुरुष वाचकांसाठी विशेष. जनाबाईच्या कथा आपण डोळे भरून ऐकतो. देव तिच्याकडे आला तेव्हा आज काय केलेस, असे विचारत ओट्यावर बसला नाही. तो जात्याला हात लावून दळायला बसला. आपण त्या देवाचे दास म्हणवतो, मग भाजी निवडायला बसण्यात कमीपणा कसला? जो निवडतो, चिरतो, धुतो, त्याला पानातल्या घासाची किंमत कळते. नातवाला ओल्या शेंगा सोलायला बसवावे; स्वतः सोललेला दाणा मूल टाकत नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी केवळ स्वतःसाठी रांधणाऱ्याला पाप खाणारा म्हटले आहे. घराघरांतली रांधणारी माउली या दोषापासून फार दूर आहे. ती इतरांसाठीच रांधते, इतके की स्वतःची आवड विसरते. विचार तिने नव्हे, आपण करायचा आहे. केवळ स्वतःच्या जिभेसाठी दुसऱ्याला रांधायला लावणारा काय खातो?

येत्या द्वादशीला पारण्याचे ताट समोर आले की हात घालण्याआधी तिला हाक मारावी, शेजारी पाट मांडावा आणि विचारावे, बाई, तुला काय आवडते? उत्तर यायला वेळ लागला, तर थांबावे. फार दिवसांनी कुणी विचारलेले असेल.

रामकृष्णहरी.