मोशेच्या खालचा धोंडा

वचन : निर्गम १७:१२

रफीदीम येथें अमालेकी लोकांशीं लढाई जुंपली, तेव्हां मोशे देवाची काठी हातीं घेऊन टेकडीच्या माथ्यावर उभा राहिला. त्याच्या वयास ८० वर्षें झालीं होतीं. हात वर असत तोंवर इस्राएलाची सरशी होई. परंतु हात जड झाले. तेव्हां अहरोन व हूर यांनीं काय केलें? "बाबा, आतां आपण तंबूंत जाऊन पडा," असें ते म्हणाले नाहींत. त्यांनीं एक धोंडा आणून त्याच्या खालीं ठेवला, त्यास त्यावर बसविलें, व दोहों बाजूंनीं त्याचे हात सूर्यास्तापर्यंत सांवरून धरले. काम तेंच राहिलें. करण्याची रीत मात्र बदलली.

आमचे जुन्नर व आंबेगांव हे तालुके चढउताराचे. येथील माणसाची हौस बहुधा पायांवर उभी असते. कोणास शिवनेरीचे सात दरवाजे ओलांडून माथा गाठण्याची आवड, कोणास भीमाशंकराकडील रानांत झाडपाला ओळखण्याची, कोणास परसांतील वाफ्यांची, तर कोणास भजनांत मृदंग वाजविण्याची. मग एके दिवशीं गुडघा वांकेनासा होतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, "आजोबा, आतां वय झालें; देवाचें नांव घेत स्वस्थ बसा." हें बोलणें भक्तीचें दिसतें, परंतु पुष्कळदां त्यांत आमचा आळस दडलेला असतो. धोंडा आणण्याचे श्रम आम्हांस नको असतात.

गेलेलें बळ परत येत नाहीं, व त्याचें दुःख करणें हें पाप नव्हे. तथापि आवडीचा गाभा पायांत नसतो. रानांत जाववत नसेल, तर नातवानें हिरड्याची किंवा बेहड्याची डहाळी आणावी व आजोबांनीं तिचे गुण सांगावे. वांकवत नसेल, तर कुंड्या ओट्यावर मांडाव्या. मांडी घालवत नसेल, तर मृदंग खुर्चीसमोर घोडीवर ठेवावा. जमिनीवर पसरून गोधडी शिवणाऱ्या आजीनें मांडीवर मावतील असे तुकडे जोडावे. सुनेनें ते पुढें एकत्र करावे.

फ्रान्स देशाचा विख्यात चित्रकार आंरी मातीस याच्या पोटावर १९४१ सालीं मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर उभें राहून चित्रें रंगविणें त्यास कठीण झालें. तेव्हां साहाय्यकांनीं कागद रंगवून द्यावे, त्यानें बसल्या जागीं कात्रीनें आकार कापावे, आणि त्यांनीं ते त्याच्या सांगण्याप्रमाणें भिंतीवर लावावे, असा क्रम त्यानें घातला. व्हान्स येथील प्रार्थनामंदिराच्या रंगीत कांचांचे नमुने त्यानें असेच कागद कापून केले. तें मंदिर १९५१ सालीं अर्पण झालें. त्याच्या हातांसहि अहरोन व हूर लाभले होते.

आमच्याच जिल्ह्यांत पंडिता रमाबाईंचें उदाहरण आहे. १८५८ सालीं जन्मलेल्या या बाईंनीं तारुण्यांत हजारों मैल पायीं तुडविले. अखेरच्या वर्षांत, १९२२ सालच्या मृत्यूपर्यंत, केडगांव येथें बसून त्या पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत गढल्या होत्या. पायांची वाट सरली. शब्दांची आवड सरली नाहीं.

वृद्ध जनहो, धोंड्यावर बसण्याची लाज धरूं नका. मोशेनें धरली नाहीं. उभें राहण्याचा हट्ट त्यानें केला असता, तर सूर्यास्तापूर्वींच त्याचे हात खालीं आले असते. मदत मागणें हाहि नम्रतेचा एक धडा आहे.

आणि तरुणांनो, येत्या रविवारीं उपासना आटोपल्यावर आपल्या मंडळींतील एका वृद्धाजवळ बसा. "आपणांस पूर्वीं कशाची आवड होती?" एवढेंच विचारा, आणि तें ऐकून घ्या. मग घरीं जातां जातां त्यांच्यासाठीं धोंडा शोधावयास लागा.