शिक्षेचा खांब, गावाचा मान



पोर्तुगालच्या पूर्वेकडे, स्पेनच्या सरहद्दीपासून फार दूर नाही, सोर्तेल्या नावाचे तटबंदीतले एक लहानसे गाव आहे. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी, चौकात, एक दगडी खांब उभा आहे. अशा खांबाला पोर्तुगीज लोक 'पेलोरिन्यो' म्हणतात. राजा मॅन्युएल पहिला ह्याने १५१० साली ह्या गावाला नवी सनद दिली. खांबाच्या माथ्यावर त्याचेच चिन्ह आहे: कड्याकड्यांचा खगोल.

सनद म्हणजे गावाला स्वतःचा कारभार, स्वतःचा न्याय. खांब ही त्या हक्काची खूण, म्हणून तो बहुधा कचेरीपुढे उभारीत. पण ह्याच खांबांना गुन्हेगाराला बांधून, सर्वांच्या देखत फटके मारीत. गावाची अब्रू आणि माणसाची बेअब्रू, दोन्ही एकाच दगडावर! १९३३ साली एका सरकारी हुकुमाने पोर्तुगालभरच्या अशा खांबांना वारसा म्हणून संरक्षण मिळाले.

ज्याला माणूस बांधला गेला, त्या खांबाला मान द्यावा काय? 'जुना दगड तो, त्यात पापपुण्य कसले?' हे उत्तर आम्हांला फार स्वस्त वाटते. ब्राझीलमधील साल्व्हादोर शहराच्या जुन्या वस्तीला ह्या खांबावरूनच नाव पडले आहे. तिथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना चारचौघांत फटके बसत. १९८५ साली युनेस्कोने त्या जुन्या शहराला जागतिक वारसा ठरवले. गुलामांच्या वंशजांना तो खांब नुसता दगड कसा वाटेल?

इ. स. ७८७ च्या निकेया येथील धर्मपरिषदेपुढे असाच एक प्रश्न होता. मूर्तीला, चित्राला दिलेला मान जातो कुठे? परिषदेने सांगितले, तो मूळ व्यक्तीकडे जातो. ही कसोटी इथेही लावून पाहू या. क्रूस हेही शिक्षेचे हत्यारच होते, आणि आपण त्याचे चुंबन घेतो. रोममधील संत प्राक्सेदिसच्या मंदिरात तर प्रभूला ज्याला बांधून फटके मारले तो खांब म्हणून एक दगडी स्तंभ जपलेला आहे. तिथे मान कोणाकडे जातो? बांधलेल्याकडे. पिलाताकडे नव्हे. सोर्तेल्याच्या खांबावर मात्र चिन्ह आहे ते राजाचे. बांधलेल्यांपैकी एकाचेही नाव त्यावर नाही. त्यांत चोर असतील, खोटी मापे वापरणारे असतील, एखादा निरपराधही असेल. योहानाच्या शुभवर्तमानात जिला धरून मध्ये उभे केले, त्या स्त्रीचे तरी नाव आपल्याला कुठे ठाऊक आहे?

म्हणून खांब पाडावा, असे आम्ही म्हणणार नाही. तो गेला तर त्या माणसांची उरलेली एकमेव खूणही जाईल, आणि राजाची सनद दप्तरखान्यात सुखरूप राहील. मात्र खांब दाखवताना नुसती नक्षी दाखवू नये, इथे काय होत असे तेही सांगावे.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्याच सत्तेखाली होती. जुन्या गोव्यातही असा एक काळा दगडी खांब रस्त्याकडेला उभा आहे. लोक त्याला 'हातकातरो खांब' म्हणतात, आणि त्याच्या इतिहासाविषयी वाद आहेत. संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जाल तेव्हा मुलांना तोही दाखवा, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर घाईने पुढे नेऊ नका.