समुद्राचा जमाखर्च

जमिनीला स्थावर म्हणण्याची रूढी ज्या कोणी पाडली, त्याने इंग्लंडच्या पूर्व तीरावरील होल्डरनेसचा किनारा खचित पाहिला नसावा. फ्लॅम्बरोच्या खडूच्या कड्यापासून स्पर्नच्या वाळूच्या दांड्यापर्यंत सुमारे ६० किलोमीटर पसरलेली ही भूमी हिमनद्यांनी मागे टाकलेल्या चिकणमातीची. पावसाने ती भेगाळते, लाटा तिचा पायथा पोखरतात, आणि कडा वर्षाकाठी सरासरी दीड-दोन मीटर मागे हटतो. रोमन काळापासून येथील कित्येक गावे समुद्रात गेली. त्यांची नावे तेवढी दप्तरांत शिल्लक आहेत.

याच किनाऱ्यावरचे मॅपल्टन गाव मात्र वाचले. घरे आणि हमरस्ता धोक्यात आल्यावर १९९१ साली, सुमारे २० लाख पौंड खर्चून, दोन दगडी बांध किनाऱ्यापासून समुद्रात घालण्यात आले. उत्तरेकडून वाहत येणारी वाळू त्यांनी अडवली, कोकणात जिला पुळण म्हणतात ती गावापुढे रुंदावली, आणि कड्याशी पोहोचेपर्यंत लाटांचा जोर ओसरू लागला. उपाय लागू पडला, यात संशय नाही. पण मॅपल्टनने ठेवून घेतलेली वाळू पुढच्या गावाच्या वाट्याची होती. दक्षिणेस ग्रेट काउडनची पुळण रोडावली, भरतीचे पाणी थेट कड्याला भिडू लागले, कुंपणाच्या तारा खांबांसकट अधांतरी लोंबू लागल्या, आणि शेतामागोमाग शेतावरच्या इमारतीही खाली गेल्या.

मग सारा किनाराच बांधून काढावा, असे कोणी म्हणेल. परंतु कडा ढासळतो म्हणूनच स्पर्नच्या दांड्याला वाळू मिळते. आणि हंबर खाडीच्या मुखाला आडोसा देणारा तो दांडा इतका नाजूक, की डिसेंबर २०१३ च्या उधाणात त्यावरचा रस्ता वाहून गेला. एकाचे नुकसान हेच दुसऱ्याचे भांडवल असलेल्या या व्यवहारात बांध तूट भरून काढीत नाही, ती दुसऱ्याच्या खात्यावर टाकतो. समुद्राने नेलेले घर दैवाच्या नावे मांडता येते. शेजाऱ्याच्या बांधापायी गेलेले घर कोणाच्या नावे मांडावे? तेथील १९४९ च्या किनारा-संरक्षण कायद्याने स्थानिक अंमलदारांना बांधकामाचा अधिकार दिला, ते कर्तव्य ठरवले नाही; म्हणजे कोणते गाव राखायचे ही निवड अखेर माणसाचीच. ती कधी करूच नये, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगणे आहे, की बांधाचा नकाशा मंजूर करणाऱ्याने सही करण्यापूर्वी दक्षिणेकडच्या शेजाऱ्याच्या शेतात एकदा उभे राहून यावे.